मधल्या सुट्टीतल्या बाई

संगणकाच्या बाईंचा घसा आठवड्याच्या मध्यावरच पार बसतो. बसेल नाहीतर काय! पहिली ते चौथीचे सगळे वर्ग एकट्या त्यांच्याच गळ्यात, आणि प्रत्येक वर्गात तेच पालुपद: नाव-पत्ता द्यायचा नाही, फोटो पाठवायचा नाही, 'कुणाला सांगू नकोस' म्हणणाऱ्याशी बोलायचंच नाही. काही गडबड झाली तर सरळ मोठ्या माणसाला सांगायचं. 'मोठी माणसं रागावणार नाहीत,' हे तर बाई आता झोपेतसुद्धा म्हणतील.

त्यांनी एक पद्धतच पाडली होती. मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीचं दार उघडं. ज्याला काही सांगायचंय त्याने यावं, स्टुलावर बसावं, सांगावं. बाई मध्ये बोलत नाहीत, डोळे वटारत नाहीत. त्यांचा डबा तसाच राहतो, ते सोडा.

पण घरी ही शांतता आणायची कुठून? नवरा रात्रपाळीचा, त्यामुळे घरातलं सगळं यांच्याच अंगावर. लेक चौथीत, याच शाळेत. शाळेत तिने आईला 'बाई'च म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, हा बाईंचा नियम. लेकीचे लाड करतात, असं उगाच कुणी बोलायला नको. पोरगीही पक्की. फाटकातून आत पाऊल टाकलं की तिची आई संपली.

मागे एकदा फोनवर खेळताना काहीतरी घाणेरडं चित्र समोर आलं, तेव्हा ती धावत आईकडे आली होती. आईच्या हातात खरकटी भांडी, डोकं ठणकत होतं. "नको तिथे बोटं घालतेसच कशाला गं?" म्हणत तिने फोन हिसकावला आणि वर एक धपाटा घातला. नंतर पोरीला जवळ घ्यायचं राहूनच गेलं. दमलेल्या माणसाचं असं बरंच राहून जातं.

आणि आता काही दिवस पोरगी गप्पच होती. ताटात नुसती चिवडत बसायची, फोन वाजला की दचकायची. काय झालं विचारलं तर "काही नाही." दुसऱ्यांच्या पोरांचे चेहरे वाचणाऱ्या बाईंनी स्वतःच्या पोरीपुढे हात टेकले होते.

आज मधल्या सुट्टीत दारात कुणीतरी घुटमळलं.

"बाई, आत येऊ का?"

लेकच होती. ती स्टुलावर बसली, खाली मान घालून बोलू लागली. "खेळात एक ताई भेटली. तिने फोटो मागितला, मी गणवेशातला पाठवला. आता म्हणते अजून पाठव, नाहीतर तुझ्या शाळेत येईन. आणि कुणाला सांगू नकोस म्हणते."

'अगं कार्टे, रोज घसा फोडून काय सांगते मी!' बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"सांगितलंस ते फार छान केलंस," त्या म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही. आता तिला उत्तर द्यायचं नाही, फोनमधलं काही पुसायचंही नाही. आपण आत्ताच मोठ्या बाईंकडे जाऊ. पुढचं आम्ही मोठी माणसं बघू."

पोरीने केवढा तरी श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "आईला कळेल?"

"आईला सांगावंच लागेल गं."



"मग तुम्हीच सांगा ना, बाई. मी सांगितलं की ती मारते."