दाऊदभाई विचारायचे, हवा किती?

मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात माल मोजत होतो, तेव्हा दाऊदभाईंच्या खोलीत राहणाऱ्या सलीमचा फोन आला. "भाई आज उठलेच नाहीत..." एवढंच बोलून तो रडायला लागला. त्याला आता दीड महिना झाला.

दाऊदभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मस्कतमध्ये अठरा वर्षं लोकांना समुद्राखाली नेऊन सुखरूप वर आणणं, हे त्यांचं काम. चाळिशीत मला स्कूबाची हौस सुचली आणि मी त्यांच्या हाताखाली आलो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा आहे, ते मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर 'बार' या दाबाच्या मापात दिसतं. दोनशे बारला खाली उतरायचं, शंभरला मागे फिरायचं, पन्नास शिल्लक असताना वर यायचं. पाण्याखाली ते सारखे तळहातावर दोन बोटं टेकवून विचारायचे... किती?

बंदर खैरानला एकदा माझी हवा सगळ्यांच्या आधी संपत आली. माझ्यापायी सगळ्यांना परतावं लागणार, याची लाज वाटली. चाळीस असताना मी ऐंशीची खूण केली. त्यांनी सरळ माझं मनगट धरून आकडा पाहिला, स्वतःच्या सिलिंडरची जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि माझा पट्टा घट्ट धरून मला सावकाश वर आणलं. बोटीवर टॉवेल देताना म्हणाले, "हवा कमी आहे सांगायला लाज कसली रे? समुद्र काय मार्क देतो?"

ते जाण्याच्या चार दिवस आधी मी त्यांना किनाऱ्यावर पाहिलं. सिलिंडर वाहताना मध्येच वाळूत बसले होते, छाती चोळत.

"गॅस झालाय. होईल खलास."

"डॉक्टरकडे जा, भाई."

"जातो, इन्शाल्ला. ही टुरिस्टांची पार्टी आटपू दे."

मी मान डोलावली आणि गाडीकडे गेलो. मनगट धरायचं मला सुचलं नाही.

गावी भाभींना मीच फोन केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पाण्यात नव्हते ना?" नाही म्हटलं. खोलीवर, झोपेत. मग त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मी पाण्यालाच घाबरत राहिले..."

दफन इथेच झालं. गेल्या शुक्रवारी त्यांचं सामान बांधायला हमरियातल्या खोलीवर गेलो. गच्चीवरच्या दोरीला त्यांचा डायव्हिंगचा काळा सूट अजून लटकत होता, मिठाने पांढरा पडलेला, उन्हाने कडक झालेला. "काढायला हात धजत नाही," सलीम म्हणाला.

माझाही धजला नाही.