गोविंदच्या घरचा माणूस

पोस्टिंग बर्फातल्या एका पोस्टवर होतं. मी हवालदार, गाव लेण्याद्रीच्या पायथ्याशी. नाईक गोविंद तळेघरच्या वरच्या वाडीचा. माझा द्राक्षाचा मळा, त्याची भातखाचरं. म्हणून मला तो 'बागायतदार' म्हणायचा.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग रेडिओ चेक, मग बर्फ उपसणं. फावडं हातात आलं की गोविंदचं पालुपद सुरू. त्यांच्याकडं पडकई असते. उन्हाळ्यात घरटी एक माणूस जमतो आणि सगळे मिळून एकेकाच्या उतारावर बांध घालून भातखाचर काढून देतात. ज्याच्याकडं लोक राबले, त्यानं प्रत्येकाकडं जायचं. गोविंद ड्युटीवर असताना वाडीनं त्याचं खाचर काढून दिलं होतं.

"लोकं माझ्याकडं राबली राव, आन मी हितं बर्फ उकरतोय. माझी पाळी ऱ्हायलीय."

"रजेत फेड की. आता गप फावडं मार."

पुढच्याच आठवड्यात तो गस्तीची तुकडी घेऊन खालच्या पोस्टकडं निघाला. रेडिओवर मी होतो.

"चार्ली वन, लोकेशन? ओव्हर."

"नाला पार करतोय. बागायतदार, चहा ठेव. ओव्हर."

तेवढ्यात वरून बर्फाचा कडा सुटला. मी हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही. बाकीचे जवान जिवंत निघाले, गोविंद नाही. मी ढसाढसा रडलो, त्यात लपवायचं काय?

रिटायर झालो आणि त्याच्या वाडीला गेलो. खाचराचा बांध पावसानं फोडून नेला होता. बांध नाही तर पाणी ठरत नाही, भात नाही. वाडी मदतीला तयार होती. गोविंदची बायको सुनंदा तयार नव्हती.

"आमच्या घरचा माणूस कुणाकडं गेला न्हाई. आता फुकटचं नगं."

"पोरी, त्यो देशाच्या कामाला व्हता," तुकाभाऊ म्हणाले. पडकईचं सगळं तेच बघायचे.

"ते सरकारचं काम झालं. वाडीचं ऱ्हायलं."

मी कोपऱ्यातली कुदळ उचलली. "वहिनी, मी जातो तुमच्या घरून. चालंल?"

तिनं चुलीवर तवा ठेवला. मग म्हणाली, "भाकरी बांधून देते."

उन्हाळाभर सगळ्यांच्या उतारावर राबलो. दगड बसवता येईना, तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "पावणं, बंदूक न्हाई ती!" शेवटी सुनंदाच्या बांधावर सगळी वाडी आली. तिनं कुणाला अडवलं नाही.

अजून दर उन्हाळ्यात जातो. सकाळी तुकाभाऊ एकेका घराचं नाव पुकारतात. गोविंदचं नाव त्यांनी बदललेलं नाही.

"गोविंदच्या घरून कोण?"

मी सावधान होतो. "हजर!"