ट्रे मावशीचा, नाव आजीचं

माझी मावशी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की एवढ्याशा गोष्टीवरून एवढा तमाशा कशाला. गोष्ट एवढीशी नव्हती. आणि मावशीचा राग काही त्या दिवशी जन्मलेला नव्हता. ही बाई मुठी वळूनच जगात आली, असं माझी आई म्हणायची.

बावीस वर्षं ती तळ्याकाठच्या गेस्टहाऊसात स्वयंपाक करत होती. अकरा खोल्या, रस्त्याच्या बाजूला जेवणघर आणि मागे लांबट, अंधारं स्वयंपाकघर. तिथे तिला सगळेच मावशी म्हणायचे. पाहुणे, दूधवाला, चादरी बदलणारी बाई, इतकंच काय, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले चौकीदारसुद्धा. सख्ख्या नात्यानं मावशी म्हणणारी मी एकटी, आणि सुट्टीत ती माझ्या वाट्याला कधी आली नाही. आमच्याकडे सगळे जमायचे, दंगा चालायचा, तेव्हा मावशी तिकडे परक्या माणसांसाठी अंडी फोडत उभी.

त्या ट्रेची सुरुवातही सुट्टीतच झाली. माझ्या आईचं ऑपरेशन होतं, सकाळी सातला. गेस्टहाऊस भरलेलं. तेव्हा थोरले मालक होते, भला माणूस. ते म्हणाले, "तू जा बहिणीजवळ. पण सकाळी पंचवीस माणसांपुढे मी काय ठेवू?"

मावशीनं संध्याकाळी फळीवरचा दोन दिवसांचा शिळा पाव काढला. एका मोठ्या ट्रेला लोणी फासलं, पाव हातानं तोडून पसरला. सफरचंदाच्या फोडी साखर-लोण्यात परतून वर टाकल्या. दूध, अंडी, साखर, दालचिनी घुसळून ते सगळं त्यावर ओतलं, तळव्यानं जरा दाबलं आणि ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवला. चौकीदारांना सांगून गेली, "साडेसहाला ओव्हन लावा, सातला ट्रे आत ढकला. वरून सोनेरी दिसला की बाहेर काढा. बाकी काही करू नका, देवासारखे शांत बसा."

दुसऱ्या दिवशी परत आली तर ट्रे धुतल्यासारखा कोरा. पाहुण्यांनी कडा खरवडून खाल्ल्या होत्या.

पण तो पहिला ट्रे नशिबानं जमला होता, हे तिला पुढच्या वर्षी कळलं. पाव ताजा निघाला आणि सगळ्याचा गिच्च गोळा झाला. मग दूध कमी करून पाहिलं, तर मधला भाग घशात अडकायला लागला. मग लक्षात आलं की ओव्हनचा डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो, त्यामुळे वीस मिनिटांनी ट्रे फिरवायला हवा. तीन हिवाळे ती फसलेले ट्रे डब्यात भरून घरी आणायची आणि आम्ही ते मुकाट खायचो. चौथ्या हिवाळ्यापासून मात्र कधी चुकला नाही. लोक खोली मागतानाच विचारायला लागले, "मावशींचा ट्रे आहे ना?"

थोरले मालक गेले. मुलगा दूर नोकरीला, त्यामुळे कारभार सुनेकडे आला. तिला सगळे मॅडम म्हणत. मावशीला ती आवडलीही होती. हसतमुख, चटपटीत, भिंतींना रंग दिला, पडदे बदलले. एका दुपारी फोन घेऊन ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा ट्रे शिकवा ना मला."

मावशीनं शिकवला. हातचं काही राखलं नाही. पाव किती शिळा हवा, दूध किती कप, लोणी कुठलं, डावा कोपरा, वीस मिनिटं, सगळं. मॅडम फोनवर टिपत होती, मधूनच फोन तिच्या हातांवर धरून चित्रण करत होती. घरी येऊन मावशी मला म्हणाली, "पोरगी शिकायच्या मनाची आहे हो." त्या वाक्याची तिला अजून लाज वाटते.

सुट्ट्या लागायला बारा दिवस होते, तेव्हा मॅडमनी तिला जेवणघरात बोलावलं.

"मावशी, यंदा सुट्टीत तुम्ही मस्त आराम करा."

"आराम? अकराच्या अकरा खोल्या भरल्यात ना?"

"हो, पण आम्ही ठरवलंय की आता फक्त न्याहारी द्यायची. जेवायला लोक बाहेरच जातात. आणि न्याहारीला ट्रे आहेच की! संध्याकाळी मी भरून ठेवीन, सकाळी चौकीदारकाका ओव्हनला लावतील. सोपं तर आहे. कुणालाही जमेल."

"आणि सुट्ट्या संपल्यावर?"

मॅडमनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, पुन्हा सुलटा केला. "कळवते मी."

गरज सरो, वैद्य मरो. मावशीनं आपली सुरी आणि एप्रन पिशवीत घातला आणि मागच्या दारानं घरी आली. पुढचे दिवस आमच्या गल्लीनं भांडी घासल्याचे जे आवाज ऐकले, ते कुठल्या कारखान्यातही निघत नसतील. मी दोन घरं सोडून राहते. संध्याकाळी पोस्टातून सुटले की तिच्याकडे डोकावायचे. "जेवलीस का?" विचारलं तरी अंगावर यायची. चौकीदार दोनदा फाटकाशी येऊन उभे राहिले. तिनं त्यांच्या तोंडावर खिडकी लावली. "अस्तनीतला निखारा," म्हणाली. "माझाच ट्रे, माझ्याच माणसानं ओव्हनला लावायचा!"

मग सुट्टी लागली आणि माझे मामा-मामी मुलांना घेऊन आले. मामी मनानं साधी आहे. चहाचा कप हातात घेता घेता म्हणाली, "वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही घरी! उद्या सकाळी तुमचा तो ट्रे करा ना. अगदी सोपा असतो म्हणे."

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण बाण सुटला होता.

"कोण म्हणतं?" मावशीनं विचारलं.

"अहो, तुमच्या गेस्टहाऊसनंच व्हिडिओ टाकलाय. त्यांच्या आजीची रेसिपी आहे ना ती?"

मामीनं फोन पुढे केला. पडद्यावर दोन हात पाव तोडत होते. उजव्या मनगटावर ओव्हनच्या दाराचा जुना डाग, दुधाच्या सायीच्या रंगाचा. ते हात मी माझ्या हातांइतके ओळखते. चेहरा मात्र कुठेच नव्हता. खांद्यापासून वर सगळं कापलेलं. आणि मॅडमचा गोड आवाज सांगत होता, "माझ्या आजीची ही खास न्याहारी. सुट्टीच्या सकाळी तिच्या घरभर दालचिनीचा वास सुटायचा..."

मावशीनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकून होते, पण नागोबा बीळ आपल्या आजीनं खणलं म्हणून सांगतो, हे नवीन होतं. ती जेवली नाही. भांडी आपटायलाही गेली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सकाळी साडेसातला माझं दार वाजलं. मावशी बाहेरच्या चपला घालून, केस चापून बसवून उभी.

"चल."

"कुठे?"

"न्याहारीला."

गेस्टहाऊसच्या पुढच्या दारानं ती बावीस वर्षांत पहिल्यांदा आत गेली. दाराजवळ काळा फळा होता. त्यावर खडूनं रंगीत अक्षरं: "आमच्या आजीची खास न्याहारी". तिनं ते वाचलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. जेवणघर भरलेलं होतं. दालचिनीचा वास यायचा तसाच येत होता.

बशा घेऊन चौकीदार बाहेर आले. अंगात रात्रपाळीचाच खाकी शर्ट, डाव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. मावशीला पाहून जागीच थबकले. मग आमच्यापुढे दोन बशा ठेवल्या.

मी तर ठरवूनच आले होते की घास थुंकायचा. पण खोटं कशाला सांगू, ट्रे उत्तम जमला होता. वरून कुरकुरीत, आत मऊ, सफरचंद नेमकं शिजलेलं. मावशीनं शेवटचा कण संपवला.

"बरोबर झालाय," ती म्हणाली. फसला असता तर ती शांतपणे घरी गेली असती, असं मला अजून वाटतं.

तिनं चौकीदारांना बोटानं जवळ बोलावलं. "हात दाखवा."

"काही नाही, जरासं भाजलंय."

"दाखवा म्हणते ना!"

तळव्यावर रुपयाएवढा फोड होता. मावशीनं विचारलं, "माझं दुहेरी फडकं कुठे गेलं? ओव्हनशेजारच्या खिळ्याला असायचं."

"मॅडमनी टाकलं. जुनं दिसतं म्हणाल्या."

"आणि तुमची पाळी किती वाजता सुटते?"

"आठला. पण आता दहा होतात. बशा मांडायच्या, ट्रे घासायचा." ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "मावशी, मला कुणी विचारलं नाही. नुसतं सांगितलं. तेच बोलायला दोनदा आलो होतो. तुम्ही खिडकी लावलीत."

मावशीची मान खाली गेली. तिला चुकलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय, कबूल करताना तर त्याहून कमी. "माझंच चुकलं," ती म्हणाली. इतके दिवस तिनं अर्धा राग भलत्याच माणसावर खर्च केला होता. तो सगळा आता गोळा होऊन परत आला, आणि त्याला जायला एकच वाट होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाई, दर वर्षी येणाऱ्या निवृत्त शिक्षिका, हात हलवून म्हणाल्या, "अगं मावशी, तू आज बाहेर कशी? ट्रे नेहमीसारखाच छान झालाय हं!"

मावशी उभी राहिली. "मी नाही केला, बाई. या काकांनी केलाय. रात्रभर फाटकावर जागून. त्यांना सांगा छान झालाय म्हणून."

चमचे थांबले. आतून मॅडम लगबगीनं आली. "मावशी! अहो, आत येऊन बोलू या ना."

"आत बावीस वर्षं होते मी. आज इथेच बोलू. तुमच्या आजी हा ट्रे कुठल्या ओव्हनात करायच्या?"

मॅडम कसनुसं हसली. "अहो, ते नुसतं जाहिरातीपुरतं. लोकांना आजी आवडते."

"मग हात आजीचे दाखवायचे. माझे कशाला दाखवलेत? तोंड तेवढं कापलंत, ते बरं जमलं."

"रेसिपी काय कुणाच्या मालकीची असते का, मावशी?"

"नसते. म्हणून तर मागितलीत तशी दिली. त्यावर दुसऱ्याचं नाव घाला असं मी सांगितलं नव्हतं. आणि कुणालाही जमेल म्हणालात ना? जमतं, दिसलंच आज. मी तीन हिवाळे करपलेले नि कच्चे ट्रे घरी नेऊन खाल्ले, तेव्हा कुठे ते सोपं झालं. ते सोपं घेतलंत आणि सोपं करणारीला घरी बसवलंत. वर हा माणूस भाजतोय, त्याला एक फडकं नाही!"

ती फळ्याजवळ गेली आणि "आजीची" एवढाच शब्द तळव्यानं पुसला. दुसरं काही लिहिलं नाही. खडूचा हात कपड्यांना पुसला आणि दार उघडलं.

चौकीदारांनी हातातल्या बशा जवळच्या टेबलावर ठेवल्या. "मॅडम, माझी पाळी आठला संपली," एवढं म्हणून तेही आमच्यामागून निघाले. शिक्षिकाबाई उठून दारापर्यंत आल्या आणि मावशीचा हात धरून उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी माना खाली घालून खाणं पुढे चालू ठेवलं. ट्रे गरम होता ना.

मला वाटलं होतं, आता राग उतरेल. तळ्याच्या वळणापर्यंत मावशी इतकी तरातरा चालली की आम्हाला मागून धावावं लागलं. "बोलायचं ते अर्धंच बोलले," ती म्हणाली. "उरलेलं आता आठवतंय."

तिला कुणी परत बोलावलं नाही. तो व्हिडिओ आठवड्याभरानं गुपचूप काढला गेला. चौकीदार आठच्या ठोक्याला घरी जायला लागले, आणि सकाळी मॅडम स्वतः उठून ओव्हन लावते, असं त्यांच्याकडूनच कळलं.

महिन्यानं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली. तिथे आधीच्या कामाचा दाखला हवा होता. मावशीनं मला मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी लगेच छापील कागदावर लिहून दिलं. मावशीनं चष्मा लावून वाचलं: "स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून बावीस वर्षे काम केले."

"मदतनीस?" तिनं तो शब्द माझ्या लाल पेन्सिलीनं गोल केला. "कुणाला मदत करत होते मी? ओव्हनला?"

या वेळी ती स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. मॅडमनी नवा कागद घेतला आणि "मुख्य स्वयंपाकी" असं लिहिलं. शिक्का मारताना म्हणाली, "मावशी, तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत हो."

"शिक्का पुसट आलाय," मावशी म्हणाली. "पुन्हा मारा."

मॅडमनी पुन्हा मारला. मावशीनं कागद उजेडाकडे धरून पाहिला, शाई वाळू दिली, दोन घड्या घातल्या आणि आम्ही बाहेर पडलो. वसतिगृहात आता ती ऐंशी मुलींचा स्वयंपाक करते. पहिल्याच दिवशी तिनं ओव्हनशेजारी खिळा ठोकून घेतला म्हणे, आणि खिळा वाकडा ठोकला म्हणून सुतारालाही सुनावलं.