माझा हात वर धरा!

चार माणसं रोज एका जागी बसली की किस्से साठतातच. आणि ती चौघं देशाची घटना सुधारायला निघालेली असली तर विचारूच नका!

लातूर जिल्हा झाला त्या दिवसांत आमचं 'घटना मंडळ' निघालं. अडत दुकानवाले शिवाप्पा म्हणजे आमचे आप्पा, वकील कदम, पोस्टातला बशीर आणि मी मास्तर. बैठक आप्पांच्या दुकानाच्या माडीवर. नियम एकच! घटनेत कुठलाही बदल सुचवायचा तर चौघांचं एकमत पाहिजे. एक हात खाली राहिला की ठराव बाद!

*

पहिल्याच दिवशी वकील उसळले, "आधी राज्यपालांचं पद घेऊ!"

"घाई न्हाई करायची," आप्पा म्हणाले. "आधी दार लावायचं का उघडं ठेवायचं, ते ठरवा."

झालं! दोघांना धूळ नको, दोघांना वारा पाहिजे. राज्यपाल दिवाळीपर्यंत सुखरूप राहिले!

*

जिल्हा झाला म्हणून आप्पांनी पेढे वाटले. वकील अडले, "जुना जिल्हा तोडताना तिकडच्यांचं एकमत घेतलं होतं का?" प्रश्न लई भारी होता. आप्पांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाले, "आता बोला!"

*

पुढं दुष्काळ पडला. केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांवर ऐन मतदान चालू, तेवढ्यात खालून आरोळी, "टँकर आला!" वकील दोन घागरी घेऊन जिन्यावरून पळत सुटले. "बशीर, माझा हात वर धरा!"

"वकीलसाब, दोन्ही हातांत घागरी हायत की!"

ठराव बाद!

*

आता ऐका. लोह्याकडच्या सुशीलाबाई मुलींच्या शाळेवर बदलून आल्या. बौद्ध घरातल्या, घटना तोंडपाठ. पाण्याचा हक्क घटनेत स्पष्ट लिहावा, एवढं त्यांना मांडायचं होतं. पण मंडळात घ्यायलाही एकमतच लागायचं. ठराव होईपर्यंत त्या जिन्यात बसल्या.

तीन हात वर गेले. आप्पांचा खालीच!

माझं रक्त उसळलं. वकील तर ओरडलेच, "आप्पा, जात आडवी आली का?"

आप्पा लालबुंद झाले. "तोंड सांभाळा! आपले नियम बाईंना पटतात का, विचारलं का कुणी? आपल्याच चौघांचं एकमत त्यांच्यावर लादायचं व्हय?"

ते तरातरा बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवरच बसले. आम्हीही मागोमाग. आप्पा म्हणाले, "बोला बाई. एकमताशिवाय काही बदलायचं न्हाई, हा आमचा नियम. मान्य हाय?"

मला वाटलं, आता हो म्हणतील आणि सुटेल एकदाचं!

"न्हाई, आप्पा," बाई म्हणाल्या. "आमच्या गावची विहीर आम्हाला खुली करायला सगळ्या गावानं हात वर केला होता. एकट्या पाटलांनी न्हाई केला."

मग आप्पांचा हात वर गेला.