मोर्णेवर ऐकलेलं एक क्रियापद

माझे वडील पुण्याच्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. त्यामुळे घरात कुणी काही बोललं की ते आधी वाक्य दुरुस्त करत आणि मग उत्तर देत. लहानपणी मी एकदा विंचू चावला म्हणून किंचाळत आले, तर ते म्हणाले, "विंचू चावत नाही, डसतो. कुठे?" अशा माणसाची एकुलती एक मुलगी अकोल्याला पडली, ही मोठीच थट्टा होती. माझा नवरा शेतकी कॉलेजात शिकायला पुण्यात होता, त्याचं मराठी तिथं राहून बरंचसं सरळ झालं होतं, म्हणून बाबांनी होकार दिला. त्याच्या घरच्यांचं मराठी त्यांनी लग्नात ऐकलं आणि त्यानंतर चार वर्षं ते अकोल्याकडे फिरकले नाहीत.

मग एकसष्टच्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं. बाबांची खोली नदीकाठच्या पेठेत, तळमजल्यावर. ते स्वतः वाचले, बाकी काही वाचलं नाही. चार जाडजूड शब्दकोश होते, त्यांचा लगदा त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलीबाहेर काढला. तीनेक आठवडे एका शाळेत पूरग्रस्तांबरोबर काढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी एक नवी पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ट्रंकेत दोन धोतरं, एक पंचा आणि चष्म्याचं घर होतं.

"दहा दिवस राहीन," ते म्हणाले. "सतरा तारखेची गाडी आहे. तिकडे खोलीची व्यवस्था झाली आहे."

"कुठे झाली?"

"होते आहे," त्यांनी स्वतःचंच वाक्य दुरुस्त केलं, आणि मला कळलं की कुठेही काहीही झालेलं नाही.

त्यांनी इथंच राहावं असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नव्हतं. पण मुलीच्या सासरी बापानं पाहुणा म्हणून यावं आणि पाहुण्यासारखं निघावं, ही त्यांची जुनी हेकट समजूत. ते तोंडानं कधीच विचारणार नाहीत. आणि घर माझं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे माझ्या मनातलं सासऱ्यांच्या कानावर घालेल असं दुसरं माणूस घरात नाही. नवरा त्या आठवड्यात कामासाठी अमरावतीला होता. जाताना म्हणाला, "तूच विचार दादांना. ते काही नाही म्हणणार नाहीत." पण 'नाही म्हणणार नाहीत' आणि 'राहा म्हणतील' यांत केवढं अंतर असतं, ते सासरी नांदणाऱ्या बाईलाच ठाऊक.

सासऱ्यांना नवरा दादा म्हणे, मी मामंजी म्हणत असे. त्यांचा नदीच्या अंगाला फुलांचा मळा होता. बोलणं कमी, आणि जे असेल ते दगड टाकल्यासारखं. बाबा आल्यापासून ते त्यांच्याशी दोनदा बोलले होते, एकदा पाऊस किती झाला म्हणून आणि एकदा निशिगंधावरच्या अळीबद्दल. दिवस सरत होते, मी रोज सकाळी ठरवत होते की आज विचारायचं, आणि रोज भाकरी थापून झाल्या की धीर संपत होता.

पंधरा ऑगस्टला दुपारी जेवता जेवता मामंजी म्हणाले, "आज लाइटं पाहाले जाऊ. इवायाले शहर दाखवू." इवाई म्हणजे व्याही. बाबांनी तो शब्द घासाबरोबर कसाबसा गिळला.

त्या काळी अकोल्यात पंधरा ऑगस्टची रोषणाई पाहायला सगळं गाव लोटत असे. दिवे लागायच्या सुमारास मामंजींनी ओळखीचा टांगा आणला. स्वतः पुढं टांगेवाल्याशेजारी बसले, बाबा आणि मी मागं, पाठमोरे. अशा बसण्यात गंमत अशी की पुढच्यांना जे आधी दिसतं ते मागच्यांना गेल्यावर दिसतं. मामंजी पुढून मोठ्यानं पुकारत, "आता कचेरी येऊन राहिली!" आणि आम्ही माना वळवून वाट पाहत असू.

"कचेरी कुठून येऊन कुठे राहिली?" बाबांनी मला हळूच विचारलं.

मी समजावलं, की इथं 'येते आहे'ला 'येऊन राहिली' म्हणतात. वाटेत असलेलं, अजून पोचायचं असलेलं काहीही असो, पाहुणा, पाऊस, कचेरी, ते येऊन राहतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शेजारीण दारातून ओरडली होती, "दूधवाला येऊन राहिला!" आणि मी त्याच्यासाठीही तांदूळ धुतले होते. हे ऐकून बाबा पुरानंतर पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "तरीही चूकच आहे."

कचेरी आली आणि गेली. कमानींवर तिरंगी बल्बांच्या माळा होत्या, मधला पांढरा पट्टा जरा जास्तच उजळ. पुढं कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर नव्या महाराष्ट्राचा नकाशा केला होता, सगळी कड हिरव्या बल्बांची आणि मोठ्या शहरांच्या जागी एकेक लाल बल्ब. अकोला पेटलेलं, अमरावती पेटलेली, नागपूर, मुंबई, सगळी पेटलेली. पुण्याच्या जागी काळोख होता.

बाबा त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिले. टांगा हाकायला सांगावं की काय करावं मला कळेना. तेवढ्यात मामंजी खाली उतरले, फाटकाशी उभ्या असलेल्या वायरमनला हाताला धरून आणलं आणि म्हणाले, "पुनं गेलं ना तुयं. पाह्य बरं." वायरमन शिडीवर चढला, बल्ब दोन आटे फिरवला आणि पुणं लागलं.

"ढिला होता," मामंजी टांग्यात बसता बसता म्हणाले. एवढंच.

टिळक रस्त्याच्या पुढं एका बागेत रंगीत कारंजं होतं. पाणी आधी लाल, मग पिवळं, मग निळं. बायका पोरांना कडेवर घेऊन टकामका बघत होत्या. बाबांनी कारंजं जेमतेम पाहिलं. त्यांना ते मागून कसं चालतं ते हवं होतं. ते सरळ तट्ट्याच्या आडोशाला गेले, त्यांच्यामागं मी. तिथं एक म्हातारा स्टुलावर बसून सायकलचं चाक हातानं फिरवत होता. चाकाला रंगीत कागद चिकटवलेले आणि चाकामागं एक झगझगीत दिवा.

"रंग केव्हा बदलायचा हे कसं ठरवता?" बाबांनी विचारलं.

"हात दुखला का बदलतो," म्हातारा म्हणाला.

बाबांनी ते उत्तर अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग कागद कोणत्या खळीनं चिकटवले, दिव्याच्या धगीनं जळत नाहीत का, लाल जास्त वेळ का ठेवता, अशी त्यांची सरबत्ती सुरू झाली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सात दिवस हा माणूस आमच्या ओसरीवर भिंतीकडे बघत बसला होता. त्याला पुन्हा काहीतरी जाणून घ्यावंसं वाटत होतं.

तिथून टांगा नदीवर आला आणि माझा आनंद मावळला. मोर्णा पावसाळ्यातच काय ती नदी दिसते, त्या दिवशी चांगली भरून वाहत होती. तीन-चार दिवसांच्या उघाडीमुळे पाणी संथ होतं. पलीकडे जुन्या शहराचा काठ, किल्ल्याची भिंत, तिच्यावर कुणी लावलेली पणत्यांची रांग. घाटाशी दोन डोंगे होते आणि लोक हौसेनं नदीच्या मध्यापर्यंत जाऊन परत येत होते.

"बसा डोंग्यात," मामंजी म्हणाले. "मदातून लाइटं दोन दोन दिसते. एक वर, एक पान्यात."

मी संतापले. नदीनं ज्याचं घर नेलं त्याला महिन्याभरात नदीवर आणायचं? या माणसाला काही पोच आहे की नाही? बाबा पायरीवर थबकले होते.

"इवाई, भेव वाटते का?"

"भेव नव्हे, भय," बाबा म्हणाले. आणि मग, "हो. वाटतं."

पुराबद्दल विचारलं की ते 'ठीक आहे' म्हणत. एवढं खरं त्यांनी माझ्याजवळसुद्धा काढलं नव्हतं.

"वाटनच," मामंजी म्हणाले. "मंग माया हात धरा. मले पोहता येते."

बाबांनी नावाड्याला विचारलं, पाणी किती खोल आहे. "दोन पुरुस," तो म्हणाला.

"पुरुष?" बाबांचे डोळे लकाकले. "हे माप अजून वापरात आहे? पुरुष म्हणजे नुसता उभा की हात वर केलेला?"

"हात वर केलेला," नावाडी म्हणाला, आणि दाखवायला त्यानं स्वतःचे दोन्ही हात वर केले. ते नीट बघण्याच्या नादात बाबांनी एक पाय डोंग्यात टाकला. दुसरा आपोआप आला. मामंजींचं मनगट मात्र त्यांनी गच्च धरलं होतं.

मध्यावर गेल्यावर नावाड्यानं वल्ही थांबवली. खरंच सगळं दोनदा दिसत होतं. किल्ल्यावरच्या पणत्या पाण्यात लांब होऊन हलत होत्या. अलीकडच्या काठावर टांग्यांचे कंदील ये-जा करत होते आणि कारंज्याच्या दिशेनं आभाळाला मधूनच लाली चढत होती. म्हाताऱ्याचा हात दुखत असावा.

मग नावाड्यानं विचारलं, "मामा, पाव्हने कोन?"

"आमचे इवाई," मामंजी म्हणाले. "पुन्याहून येऊन राहिले."

बाबा माझ्याकडे झुकले. "तू यांना काही बोललीस?"

"नाही."

"मग ते काय म्हणाले, ऐकलंस? येऊन राहिले." ते कुजबुजले. "चारचौघांत सांगितलं त्यांनी. मी मागितलं नव्हतं गं काही."

अंधारात त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. तासाभरापूर्वी मीच त्यांना टांग्यात या क्रियापदाचा अर्थ समजावला होता आणि तो ते साफ विसरले होते. की विसरायचं ठरवलं होतं? मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. मला इथली बोली चार वर्षांची अंगवळणी पडलेली. सासरे व्याह्यांची नुसती ओळख करून देताहेत, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ते बाबांना सांगायला जीभ उचलत नव्हती. परतीच्या वाटेवर टांगेवाला अखंड बडबडत होता, पण बाबांनी त्याची एकही चूक काढली नाही.

सकाळी उठून पाहते तो आल्यापासून दाराशी ठेवलेली ट्रंक आतल्या खोलीत गेलेली. बाबांची दोन्ही धोतरं दांडीवर मामंजींच्या धोतराशेजारी वाळत होती. ओसरीवर बसून ते एका पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होते. मी डोकावले. 'भेव', 'पुरुस', 'डोंगा', 'मदात', असे शब्द एकाखाली एक, आणि समोर अर्थ.

आता मात्र गप्प राहून चालणार नव्हतं. हा माणूस मनानं इथं राहायला आला होता, आणि उद्या सतराला मामंजींनी सहज विचारलं की "इवाई, टांगा किती वाजता सांगू?" तर तो जागच्या जागी मरेल. मी पदर खोचला आणि थेट मळ्यात गेले. मामंजी निशिगंधाचे दांडे कापत होते.

"मामंजी, एक घोटाळा झालाय. काल डोंग्यात तुम्ही म्हणालात, पुण्याहून येऊन राहिले. बाबांना वाटलं, तुम्ही त्यांना कायमचं ठेवून घेतलं. त्यांना इथलं बोलणं समजत नाही. तुम्ही काही मनावर घेऊ नका, मी त्यांना नीट समजावून सांगते."

त्यांनी आणखी तीन दांडे कापले.

"काय समजावून सांगशीन?"

"हेच, की येऊन राहिले म्हणजे येताहेत."

"कोन येऊन राहिलं?"

"बाबा."

"ते त आठ दिवस झाले घरात हायेत, पोरी." त्यांनी विळा खाली ठेवला. "जो रस्त्यात असते, त्याले आमी येऊन राहिला म्हनतो. घरात बसलेल्या मानसाले कोनी असं म्हनते का? त्याले आला म्हनते. चार वर्सं झाले तुले इथं, एवढं समजलं नाई?"

मी खाली पडलेले दांडे गोळा करू लागले.

"पुन्याच्या मानसाशी मी पुन्याचं मराठी बोललो," ते म्हणाले. "त्यायले बराबर समजलं."