खिडकीच्या काचेवर दोन बोटं

कुठलाही माणूस पहिल्यांदा भेटला की पाठक सर त्याच्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघायचे. बुलढाण्याजवळच्या मेंढी संशोधन केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे धरून उभी होते आणि हे गृहस्थ मान वाकडी करून माझा डावा कान निरखत होते. मला वाटलं कुडी सैल झाली. मी हात लावून पाहिला.

"तुह्या कानाची पाळी गालाले चिकटेल आहे," ते म्हणाले. "मायची कशी आहे?"

"कधी पाहिली नाही, सर."

"आज घरी गेली की पाह्यजो. बापाचीही पाह्यजो."

आणि मी खरंच पाहिली. आई विचारत होती, साहेब कसे आहेत, काम काय आहे, आणि मी तिचा पदर बाजूला करून कान बघत होते. तिला वाटलं, पोरीला पहिल्याच दिवशी ऊन लागलं.

सरांचा तरी काय दोष. मेंढीचा नंबर तिच्या कानातल्या बिल्ल्यावर असतो. उभा जन्म कान वाचण्यात गेलेला हा माणूस. पशुवैद्यक शिकले, आनुवंशिकीत डॉक्टरेट केली, पुण्याला चांगली जागा मिळत होती ती सोडून आपल्या जिल्ह्यात परत आले. वडील बुलढाण्याच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे बोलणं अस्सल इथलं. दिल्लीहून तपासणीला साहेब आले की सर इंग्रजीत बोलत, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की "गेले बाप्पा" म्हणून पुन्हा वऱ्हाडीत शिरत.

त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं. आपल्याकडची काळी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. बंगालकडची एक बुटकी जात आहे, आखूड कानांची, ती दोन देते. तिच्यातला हा जुळ्यांचा गुण आपल्या धिप्पाड, चालणाऱ्या मेंढीत आणायचा. म्हणजे तेवढ्याच चराईत मेंढपाळाच्या हाती दुप्पट कोकरं. एका वाक्याचं हे काम करायला सरांची सगळी नोकरी लागली. कोणत्या कोकरात गुण उतरला ते मी रक्त तपासून सांगायची. सर त्यातली निवडायचे, जोड्या लावायचे, वाट बघायचे. मेंढीच्या संशोधनात खरं काम वाट बघण्याचंच असतं.

त्यांनी एकाही मेंढीला नाव ठेवलं नाही आणि आम्हालाही ठेवू दिलं नाही. "नाव ठेवलं का माणूस लबाडी करते," ते म्हणत. "नाववालीले घमेल्यात एक मूठ जास्त जाते. मंग ते गुणानं पोसली का लाडानं, कसं समजावं?" पण जुळी झाली की हाच माणूस मेंढ्यांच्या वाड्यातून माझ्या प्रयोगशाळेपर्यंत येई, खिडकीच्या काचेवर बाहेरून दोन बोटं टेकवी आणि एक शब्द न बोलता परत जाई. काचेवर लेंडीचे नाहीतर वारेचे डाग पडत. शिपाई पुसायचा, मी पुसू नको म्हणायची. तिळी झाली की मात्र सर येत नसत. तिसरं जगवताना आईचं दूध पुरत नाही, याचा त्यांना त्रास व्हायचा. मग ते क्वार्टरवर नेऊन बाटलीनं पाजत.

लग्न केलं नव्हतं. क्वार्टरमध्ये एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर मेंढ्यांच्या वंशावळींचे तक्ते. दिवाळीत केंद्र रिकामं व्हायचं तेव्हा मी घरचा फराळ घेऊन जायची. सर वाड्यातच सापडायचे. "घरी जा ना सर," मी एकदा म्हटलं. "जाऊन काय करू?" ते म्हणाले. "घर काही इचारत नाही. ह्या ओरडतात तरी." चकली हातात धरून ते गव्हाणीवर बसले, अर्धी खाल्ली, अर्धी कोणत्या नंबरच्या मेंढीनं ओढून नेली ते मला लगेच सांगितलं. मी हसले. घरी येताना मात्र वाटलं, या माणसाच्या खोलीत जुळ्यांचे इतके तक्ते आणि जेवायला ताट एकच.

केंद्रातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नात सर स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि वरमाईचे, वरबापाचे, मग नवरीचे कान पाहत उभे राहिले. मागे रांग खोळंबली. फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे पाहा." सर खाली उतरून मला म्हणाले, "मोठे कान होतील लेकरायले." तो सहकारी पुढे कधीमधी मुलीचे फोटो पाठवतो. कान मोठे आहेत.

मग प्रकल्पाची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही. रक्त तपासायचं मशीन खोक्यात बांधून गेलं, माझी बदली संग्रामपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली, मेंढ्यांचा नियमाप्रमाणे लिलाव पुकारला. सरांनी मेंढपाळांना निरोप धाडले होते, पण ते पोचायच्या आधी खाटकांचे ट्रक पोचले. सर फाटकाशी उभं राहून प्रत्येक कान बघत होते.  सगळ्या कळपातून एकच मेंढा, आखूड कानांचा, त्यांनी स्वतः बोली लावून सोडवला. त्याच्यात तो गुण आईकडूनही आला होता आणि बापाकडूनही, त्यामुळे त्याच्या प्रत्येक लेकीत तो उतरणार हे नक्की होतं. एवढ्या वर्षांच्या कामातलं तेवढंच एक जनावर आता उरलं होतं.

सरांची निवृत्ती तोंडावर आलेली, क्वार्टर सुटणार. मेंढा ठेवणार कुठे? केंद्राच्या आसपास चारायला येणारा सोनाजी नावाचा मेंढपाळ होता, त्याचा कळप उंद्रीच्या शिवारात असे. सर मेंढा त्याच्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "हा जपा. मी येतो दिवाळीत."

बस, एवढंच म्हणाले. मेंढपाळाला मेंढा दिला तर तो कशासाठी, हे सांगायची गरज असते असं सरांच्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीनंतर मी सुटीवर आले होते, तेव्हा सरांबरोबर उंद्रीला गेले. बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत राहायला लागल्यापासून ते वाळले होते, पण त्या दिवशी बसमध्ये त्यांच्या अंगात उत्साह होता. सोनाजी आणि त्याची बायको गयाबाई यांना आम्ही येणार हे कळवलं होतं. सोनाजीनं नवा फेटा बांधला होता, भाऊबंद जमवले होते. सर पाणीही न पिता कळपात शिरले आणि एकेक कान बघत फिरले. परत आले तेव्हा चेहरा गोंधळलेला होता.

"थो कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

सोनाजी हसला. त्यानं चुलीवरच्या मोठ्या पातेल्याकडे हात केला.

"तुमच्यासाठीच राखला होता साहेब. असा पोसला, असा पोसला का उंद्रीत कोनी असा मेंढा पाह्यला नसन."

मागे बाभळीवर कातडं वाळत घातलं होतं. मला सगळं एकदम कळलं. आमच्याकडे शहरातली माणसं मेंढपाळाकडे एखादं जनावर राखायला देतात, लग्नाला, जावळाला, बढतीच्या जेवणाला. सोनाजीला वाटलं, साहेब निवृत्त होणार, साहेबांना पंगत घालायची आहे. त्यानं त्याच्या परीनं शब्द पाळला होता. मी सरांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"कळपात सोडेल होता काय त्याले?" सरांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाही ना साहेब. मेंढ्यायच्या मांगं लागला असता तर वाळला असता. लिंबाखाली बांधूनच ठेवला, ज्वारी चारली."

 मला त्या क्षणी सोनाजीचा राग यायला हवा होता, पण त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की राग कुणावर काढावा हेच कळेना. तेवढ्यात भाकरी थापणारी गयाबाई नवऱ्याला म्हणाली, "काहून खोटं बोलता? पोयाच्या दिवशी दावं तोडून गेला नव्हता काय? तुम्ही सारे बैलायच्या मांगं. सांजीले म्याच धरून आणला."

"दिवसभर कळपात होता?" सर तिच्याकडे वळले.

"हाव, दिवसभर."

सर खाली बसले. पाटावर नाही, तिथेच मातीत. मग म्हणाले, "वाढा."

सरांनी आयुष्यात मटण खाल्लं नव्हतं. घरात चालत नसे आणि पुढे मेंढ्यांमुळे इच्छा झाली नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या दिवशी ते जेवले. सोनाजी आग्रह करत होता आणि ते नाही म्हणत नव्हते. निघताना गयाबाईला फक्त एवढंच सांगितलं की आखूड कानाचं मादी कोकरू झालं तर विकू नका, आणि ती मोठी होऊन व्याली की मला कळवा, मी नसलो तर संग्रामपूरच्या दवाखान्यात या कुंदाला कळवा.

बसमध्ये मी म्हटलं, "सर, तुम्ही त्यांना काही बोलला का नाही?"

"काय बोलू? त्यानं माह्यासाठी त्याच्याजवळचं चांगलं ते कापलं. माह्यासाठी थो काय होता, हे त्याले आता सांगून त्याच्या घशात घास काहून अडकवू?" कंडक्टर आला, त्यांनी दोन तिकिटं काढली. मग म्हणाले, "चूक माही आहे. मले वाटलं, सांगा लागत नाही."

माघात त्या कळपात आखूड कानाचं एक मादी कोकरू जन्मलं. एकच. सर स्वतः जाऊन बघून आले आणि मला फोन केला. मी आनंदानं ओरडलेच, पण त्यांनी लगेच थांबवलं. कान आखूड म्हणजे बाप तोच, म्हणजे गुणही आलाच असणार, पण दिसल्याशिवाय ते मानायचे नाहीत. रक्त तपासायची सोय राहिली नव्हती. "आता मेंढीलेच इचारा लागते," ते म्हणाले, "अन् ते दोन वर्सं काही बोलत नाही." त्यानंतर दर फोनला ते तिच्याबद्दल सांगत. सांगण्यासारखं काही नसलं तरी सांगत. चरते म्हणत, वाढते म्हणत. मला कधी कधी कंटाळा यायचा, तरी मी ऐकून घ्यायची, कारण पलीकडे दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं हे मला माहीत होतं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात सर गेले. सकाळी चहाला आले नाहीत म्हणून घरमालकानं दार ठोठावलं. मी पोचले तेव्हा पुतण्या पुण्याहून आलेला होता. भला माणूस, पण त्याला काकांविषयी काही माहीत नव्हतं. मेंढ्यांवर काम करायचे ना, असं त्यानं मला विचारलं. स्मशानात आम्ही इतके थोडे होतो की घरमालकाला खांदा दोनदा द्यावा लागला. पुतण्याचे कान मी पाहिले. पाळी मोकळी होती. सरांची चिकटलेली होती. संध्याकाळच्या बसनं तो गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वरच्या भागात चारा कमी पडला म्हणून बरेच कळप खाली सातपुड्याच्या पायथ्याकडे, आमच्या संग्रामपूरच्या बाजूला आले. एका दुपारी मी दवाखान्यात लसींच्या बाटल्या लावत होते. बाहेर रस्त्यावरून मेंढ्यांचा इतका कल्ला चालला होता की कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. खिडकीवर टकटक झाली. मी वर पाहिलं तर गयाबाई. उन्हानं काळवंडलेली, डोक्यावर बोचकं. तिनं तोंडानं काही सांगून पाहिलं, मला कळेना, मग तिनं बोचक्यावरचा हात काढला आणि दोन बोटं काचेवर टेकवली.

मी धावत बाहेर गेले. सोनाजीनं मेंढी धरून ठेवली होती. आखूड कान. तिच्या पोटाशी दोन कोकरं लुचत होती, शेपट्या हलवत, दोन्ही धडधाकट, आणि दूध दोघांना पुरत होतं.

"दोन्ही माद्या आहेत," गयाबाई म्हणाली. "विकत नाही आम्ही. साहेबांनी सांगतलं होतं." मग इकडे तिकडे बघत तिनं विचारलं, "साहेब कुठी आहेत? त्यायले सांगा ना."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. सोनाजीनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. गयाबाई रस्त्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं, आणि ते सर गेले त्या दिवसापेक्षा जास्त आलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, आणि ज्याला ते सांगायचं तो माणूस नव्हता. संग्रामपुरात दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मेंढीला दोन झाली, बरं मग?

कळप पुढे निघाला. लहान कोकरू सोनाजीनं खांद्यावर घेतलं होतं, त्याचे कान मला मागून दिसत राहिले. मी आत आले. काचेवर गयाबाईच्या बोटांचे मातकट डाग होते. शिपाई फडकं घेऊन पुढे झाला, त्याला मी म्हटलं, राहू दे.