नैवेद्याआधीचा नाश्ता

त्या शनिवारची आठवण आली की आजही जपात माझे चित्त लागत नाही. झाकलेली पातेली डोळ्यांपुढे येतात आणि मणी बोटांतच थांबतो.

विद्यापीठात गणिताचे दोन दिवसांचे संमेलन भरणार होते. त्याआधी विभागप्रमुख गारखेड्यातल्या आमच्या घरी आले. उद्घाटनाला सरस्वतीपूजन करायचे होते आणि मंगलाचरण मी म्हणावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी पूजेचा विधी नम्रपणे विचारला, मी सांगितला. नैवेद्याची वाटी वेगळी ठेवावी, दाखवण्यापूर्वी ती कोणी उष्टी करू नये, एवढेच त्यात अन्नाविषयी होते.

मी होकार दिला त्याचे खरे कारण निराळे. पहिले व्याख्यान माझ्या गुरूंच्या कन्येचे होते. पाठशाळेत व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या गुरूंना गणिताचा विलक्षण ध्यास होता. एका प्रमेयाची सिद्धता अर्धी सोडून त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कन्येने ती पुरी करण्यात आपली निवृत्तीनंतरची सारी वर्षे घातली होती. ही सिद्धता प्रथमच लोकांपुढे मांडायला ती नागपूरहून रात्रभर प्रवास करून आली होती.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा सभागृहाबाहेरच्या मांडवात पाहुणे रिकाम्या थाळ्या घेऊन उभे होते. उपम्याचा वास दरवळत होता; पातेल्यांच्या तोंडांवर मात्र पांढरी फडकी बांधलेली.

"गुरुजी," गुरुकन्येने वाकून नमस्कार केला, "शून्य आपण जगाला दिलं म्हणतात ना? आज ते ताटात वाढलंय."

मी हसलो, आणि मग तिच्या कपाळावरचा घाम पाहिला. हवेत गारठा होता. हातातली थाळी थरथरत होती.

"आल्या आल्या नाश्ता मिळेल असं कळवलं होतं, म्हणून खोलीवरच इन्सुलिन घेतलं," ती म्हणाली. "आता टिपणातली अक्षरं हलायला लागलीत."

मी आचाऱ्याला फडकी सोडायला सांगितले. तो कानकोंडा झाला. "बाबा, मी काय करू? साहेबांचा हुकूम हाय. पूजा झाल्याबिगर फडकं सोडलं तर माझी खैर नाय."

विभागप्रमुख आत हारांवर पाणी शिंपडत होते. प्रमुख पाहुणे वाळूजला एका कारखान्याच्या समारंभात अडकले होते.

"येतीलच, गुरुजी. ते आले की दिवा, पूजा, नैवेद्य आणि लगेच नाश्ता."

"आणि तोवर?"

"तोवर कसं वाढणार?" ते चकित होऊन म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत, नैवेद्याआधी काही उष्टं होऊ नये!"

इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल. मी वाटीविषयी बोललो होतो, पाहुण्यांच्या पोटाविषयी नव्हे. बालक, गर्भवती आणि रोगी यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावे असे सांगणारे शास्त्र मी जन्मभर शिकवले; आणि आज त्याच शास्त्राचे नाव घेऊन, माझ्या तोंडचा आधार देऊन, माझ्या गुरूंच्या मुलीला उपाशी उभे केले होते. ज्याची मोटार अजून वाळूजहून निघाली नव्हती, त्याच्यासाठी!

मी व्यासपीठावर चढलो. सरस्वतीच्या तसबिरीपुढची पेढ्यांची वाटी उचलली.

"गुरुजी, नैवेद्य अजून दाखवलेला नाही!" विभागप्रमुख मागून धावले.

"आता दाखवतो," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन तिला खुर्चीवर बसवले. पहिला पेढा मीच भरवला. तिच्या बोटांत तो धरण्याची शक्ती नव्हती. मग आचाऱ्याकडे वळून मी मोठ्याने म्हणालो, "सोडा ती फडकी. साहेबांना माझे नाव सांगा."

"व्हय बाबा!" तो म्हणाला, आणि पहिली गाठ त्याने सुरीनेच कापली.

प्रमुख पाहुणे आले तेव्हा वाटी रिकामी होती. तीत दोन बत्तासे तरी टाकावेत, अशी विभागप्रमुखांची खूण मी पाहिली आणि मान हलवून नाही म्हटले. रिकाम्या वाटीपुढेच मी मंगलाचरण म्हटले. देवीपुढे मला यत्किंचितही संकोच वाटला नाही.

त्यानंतर गुरुकन्या फळ्यापाशी उभी राहिली. पहिल्या दोन ओळी वाकड्या आल्या. नंतर हात सरळ चालू लागला. वडिलांनी जिथे लेखणी थांबवली होती तिथे ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली. गणित मला पुरते कळले नाही. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले तेव्हा मीही उठलो, पण राग अजून उतरला नव्हता.

रविवारी समारोपात विभागप्रमुख माझ्यासाठी शाल घेऊन आले. "गुरुजी, झालं गेलं विसरा."

"ही त्या पातेल्यांवर घाला," मी म्हणालो. "झाकून ठेवायची सवय तुम्हाला आहेच."

पुढच्या रांगेत ती पदर तोंडाशी धरून हसत होती. मी हसलो नाही.